थोरल्यांचा पायगुण

"ही गाडी शनिवारी भंगारात जाणार म्हणजे जाणार," थोरले म्हणाले आणि त्यांनी दार असं आपटलं की काच खाली घसरली. ती हाताने वर ओढून फटीत लाकडाची ढलपी खोचायची, ही धाकट्याची रोजची सवय. त्याने काच ओढली, ढलपी खोचली आणि मान खाली घालून उभा राहिला.

माझी गिरणी त्यांच्या अंगणाला लागून. मधलं कुंपण अर्धं पडलेलं, त्यामुळे या दोन भावांची भांडणं मी दळता दळता ऐकत आलोय. समोरासमोर दोन घरं, मधे अंगण आणि अंगणात ती गाडी. मागे लांबलचक ट्रेलर ओढणारं जुनं धूड. आसपासच्या गावांचं धान्य, चारा, कोबी सगळं तीच नेते. मालकी दोघांची, पण चालवायचं धाकट्याने आणि हुकूम सोडायचे थोरल्यांनी. धाकट्याचा तिच्यावर असा जीव की झाडाची सावली तिच्यावर पडावी म्हणून तो स्वतः उन्हात उभा राहील.

दुखणं एकच होतं. इंजिनच्या ऑइलचं तापमान दाखवणारी सुई. धाकटा एकटा असला की ती मधोमध, सासूसमोरच्या सुनेसारखी गरीब. थोरले शेजारच्या सीटवर बसले की ओढ्याच्या पुलाजवळच्या पहिल्या खड्ड्यालाच तांबड्या पट्ट्यात. आणि गाडी बरी झाली की नाही हे पाहायला थोरलेच बसणार. म्हणजे धाकट्याने दर वेळी छातीठोकपणे सांगायचं, आता ठीक आहे दादा, आणि पुलापाशी तोंडावर पडायचं. थोरल्यांना वाटे, हा आपल्याशी खोटं बोलतो. तापलेल्या ऑइलने एक दिवस इंजिन जाम होईल, ट्रेलर रस्त्यात आडवा होईल आणि भाऊ त्याखाली सापडेल, ही त्यांची खरी भीती. पण प्रेम ओरडूनच दाखवायचं, हा त्यांच्या घराण्याचा नियम.

महिनाभर मिस्त्रीचे हात त्या इंजिनात होते. त्याने ऑइल मोजलं, ते ना कमी ना जास्त. तरीही नवं भरलं. ऑइल थंड करणारा कूलर उतरवून धुतला. रेडिएटरच्या जाळीतून पाटीभर भुसा निघाला, तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, सापडला चोर. थोरले बसले, पुलापाशी सुई तांबड्यात. थर्मोस्टॅट बदलला. पुन्हा तेच. शेवटी मिस्त्रीने लांबून तापमान सांगणारी पिस्तुलासारखी वस्तू आणली. सुई तांबड्यात असताना ती ऑइलच्या टाकीवर धरली तर आकडा आला अठ्ठ्याण्णव, म्हणजे ठणठणीत. थोरल्यांनी ती हातात घेतली, आधी इंजिनावर रोखली, मग धाकट्याच्या कपाळावर, मग शेळीवर. म्हणाले, सुई कारखान्यातून आलीय, हे खेळणं काल आलंय, मी कुणावर विश्वास ठेवू?

त्याच दिवशी माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. दळणाला आलेल्या चारजणांत मी म्हटलं, "इंजिनात काही नाही हो. हा थोरल्यांचा पायगुण आहे."

लोक हसले. मीही हसलो. गावात पिठापेक्षा लवकर पसरतं ते हेच. दोन दिवसांत न्हाव्याच्या खुर्चीत, विहिरीवर, शाळेच्या पायरीवर एकच विषय. थोरले दिसले की कुणी म्हशीला रेडकासकट आत घेई, कुणी चुलीवरचं दूध उतरवून ठेवी. सगळी गंमतच. थोरलेही मिशीतल्या मिशीत हसत. त्यांना लागलंय, हे मला कळलं नाही, आणि हे मी आज कबूल करतो.

मग गाडी भंगारात घालायचं ठरलं. शुक्रवारी सकाळी मिस्त्री शेवटचं पाहायला आला. धाकटा त्याला म्हणाला, उद्या तिला कापतील, काहीतरी कर. मिस्त्री बोनेटवर टेकून विचार करत बसला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "मला एकच कळत नाही. सुई खड्ड्यात एका दमात चढते. ऑइल म्हणजे काही थोरले नाहीत, त्याला तापायला वेळ लागतो."

थोरले मागेच उभे होते. कुणी हसलं नाही. ते शांतपणे म्हणाले, मग एकदाच काय ते होऊन जाऊ दे. इतर माणसं बसवा आणि बघा.

झालं, अख्खी आळी बसून पाहायला आली. न्हावी बसला, पुलापर्यंत जाऊन आला, सुई मधोमध. शाळेचे मास्तर बसले, धाकट्याची बायको बसली, शेळीही बसवली. सुई ढिम्म. मी बसलो तेव्हा ती किंचित खालीच आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी थोरले चढले. पुलापाशी सुई तांबड्यात.

ते उतरले आणि ओट्यावर बसले. ओरडले नाहीत. थोरले ओरडले नाहीत म्हणजे काहीतरी मोडलंय, हे त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, आमच्याआधी कळलं. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि मिस्त्रीला म्हणाल्या, "आमच्या घरात हे खुर्चीत बसले की रेडिओ बंद पडतो. वीस वर्षं झाली. ह्यांना वाटतं बातम्या संपल्या. खुर्चीचा पाय वायरीवर येतो, मी गुपचूप वायर सरकवते. माणूस बाजूला ठेवा, त्याच्या वजनाचं दुसरं काही बसवून बघा."

थोरल्यांचं वजन मला पाठ. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्या काट्यावर उभं राहून काट्यालाच शिव्या घातल्या होत्या. एकशे अठरा. मी साठ-साठ किलोची गव्हाची दोन पोती आणली. दोन किलो जास्त होतात म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, मागच्या उन्हाळ्याची गोष्ट ती, आता बरोबर होतील.

पोती सीटवर रचली, दोरीने बांधली. धाकट्याने गाडी काढली. आम्ही मागून पळत. पुलाजवळचा खड्डा आला आणि धाकटा खिडकीतून ओरडला, "चढली!"

गाडी अंगणात परत आली. थोरले उठून पोत्यांसमोर उभे राहिले.

"पोत्याला कसला आलाय पायगुण?" ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

मिस्त्रीने सीट उचलली. खाली एक फळी होती. थोरल्यांचीच. कंबर दुखते, सीट खचते म्हणून मागच्या वर्षी त्यांनी स्वतः ठोकलेली, आणि खिळे असे लांब की गोठ्याचं छप्परही त्यांवर तोलून राहिलं असतं. त्या सीटखालून सुईकडे जाणारी तार गेली होती. वर जड काही बसलं आणि खड्डा आला की खिळा तारेला टोचायचा आणि तार लोखंडाला टेकायची. तार लोखंडाला टेकली की सुईला वाटे, आग लागली. इंजिन बिचारं कधी तापलंच नव्हतं.

मिस्त्रीने खिळे उपटले, तारेवर पट्टी गुंडाळली आणि ती बाजूने वळवून घेतली. महिनाभराचं दुखणं, काम दहा मिनिटांचं. फळी त्याने थोरल्यांच्या हातात दिली. थोरल्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, खिळे मात्र दणकट आहेत.

आता बसून बघा, असं सगळे म्हणू लागले. थोरले तयार होईनात. मास्तर बसू देत, न्हावी बसू दे, असं चाललं. शेवटी धाकट्याने दार उघडलं, घसरणारी काच एका हाताने धरली आणि म्हणाला, "दादा, तुम्ही बसल्याशिवाय मी गाडी काढत नाही."

ते बसले. पुलापर्यंत मी गाडीमागे धावत होतो. खड्डा आला, गेला. सुई मधोमध. थोरल्यांनी गाडी मागे घ्यायला लावली, पुन्हा त्याच खड्ड्यातून. असं चारदा. मग गावातून एक फेरी. न्हाव्याच्या दुकानापुढे थांबले, सुई दाखवली. शाळेपुढे दाखवली. माझ्या गिरणीपुढे गाडी सर्वांत जास्त वेळ थांबली. मी हात जोडले.

अंगणात परतल्यावर त्यांनी इंजिन चालूच ठेवायला सांगितलं आणि उतरून सरळ धाकट्याच्या घराकडे चालू लागले. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धाकट्याची लेक बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. सगळं गाव बाळ पाहून आलं होतं, आणि समोरच्या घरातले हे थोरले आजोबा काम आहे, सर्दी आहे, असं सांगत अंगणाच्या अलीकडेच राहिले होते. माझ्या एका वाक्याने बारा दिवस खाल्ले होते.

उंबऱ्यापाशी ते थबकले. पुतणीने बाळ त्यांच्या हातांत ठेवलं. त्या एवढ्या मोठ्या पंजात ते दिसेनासं झालं. थोरले हलेनात, श्वासही घेईनात. मग मान न वळवता त्यांनी भावाला हळूच हाक मारली.

"जरा सुई बघून ये रे."

धाकटा धावत जाऊन गाडीत चढला. काच केव्हाच घसरली होती, तिथूनच तो ओरडला.

"मधोमध आहे, दादा. घ्या तुम्ही."