तेरानंतर एक

लेकीचा पाय अकरावरून दोनवर आला हे ऐकून प्लंबर बुटांच्या दुकानातल्या स्टुलावर बसला. बेतानंच बसला, कारण स्टूल लहान मुलांचं होतं.

"नीट सांग बेटा. मागच्या वेळी मी अकरा नंबर आणले होते."

"ते केव्हाच फाटले, बाबा. आता दोन," लेक स्पीकरवर टाकलेल्या फोनवरून म्हणाली. ती आठ वर्षांची, आईबरोबर आजोळी राहायची. प्लंबर इकडे, इमारती उभ्या राहतील तिथे, एका खोलीत. खोलीत खुर्च्या दोन होत्या. दुसरीवर हत्यारांची पिशवी बसायची.

मापांच्या थापांची त्याला सवय होती. 'अर्धा इंची' म्हणून जो पाइप तो जन्मभर जोडत आला, तो आतून, बाहेरून, कुठूनच अर्धा इंच भरत नाही. पण पाइप निदान आटत तरी नाही.

"मुलगी आटतेय हो माझी," तो दुकानदाराला म्हणाला.

"आटत नाहीये. मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात. मग परत एकपासून."

"चौदा का नाही?"

"मला काय विचारता? मी फक्त विकतो."

प्लंबरनं बोटांवर मोजलं. बारा, तेरा, एक, दोन. म्हणजे पोरगी अख्खा फेरा मारून पुढे निघून गेली होती. या इमारतीचं उरकलं की जाऊ, त्या इमारतीचं उरकलं की जाऊ, असं करत दोन वर्षं सरली होती. चुकीचे बूट नेले असते तर ती "छान आहेत हं" म्हणाली असती. पाहुण्यांना म्हणतात तसं.

"फूटपट्टीनं मोज गं एकदा," तो फोनमध्ये म्हणाला.

"मोजला. एकवीस सेंटिमीटर. पण तू एक नंबर मोठेच आण."

"का? दोन घट्ट होतात?"

"नाही. तू येईपर्यंत बरोबर होतील ना!"

टोमणा नव्हता. साधा हिशेब होता. त्यानं फोन ठेवला.

दुकानदारानं तीन नंबरचा खोका काढलासुद्धा. "हुशार आहे पोरगी."

"या वयात एक नंबर वाढायला किती दिवस लागतात?"

"चार-पाच महिने. कधी तीनच."

"मग दोनच द्या."

"नंतर बदलून मिळणार नाहीत हां."

प्लंबरनं मान डोलावली आणि मुकादमाला फोन लावला. "उद्यापासून मी नाही."

"का रे बाबा?"

"पाय वाढतोय."

पलीकडून मुकादम काळजीनं म्हणाला, "जा, जा. दुखणं अंगावर काढू नकोस."