हिरव्या लुगड्याचे लंगोट

प्रयागबाई आमच्या घरी आल्या त्या मागच्या गल्लीने, भर दुपारी, पदर नाकापर्यंत ओढून. चोरी करायलाही माणूस असाच येतो. पण चोराच्या मनात निदान ऐवजाबद्दल थोडा आदर असतो.

आमचं गाव आदिलाबादकडच्या, तेलुगू मुलखाला लागून असलेल्या बेल्याच्या रस्त्यावर. गावात किराणा दुकान एकच, प्रयागबाईंच्या मुलाचं, उत्तमरावचं, घराच्याच पुढच्या खोलीत. बस थांबते तीही त्याच दुकानासमोर. आमची वस्ती गावाच्या उताराला. वस्तीतली सगळी घरं छप्पन्ननंतर बौद्ध झाली होती, मी गावातल्याच मराठी शाळेत मास्तर झालो होतो, आणि गाव मात्र आम्हाला मनातल्या मनात अजून जुन्याच नावाने ओळखत होतं. मनातल्या मनात, कारण तोंडावर आता ‘गुरुजी’ म्हणावं लागे. दुकानात मी चहापत्ती घ्यायला गेलो की उत्तमराव ‘गुरुजी’ म्हणे आणि पुडी माझ्या हातात न देता लाकडी फळीवर ठेवी. दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी जमत. मला त्यातली एकही बोलून दाखवता येत नसे.

माझी माय, बयनाबाई, दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

“बयनाबाई, बरी हायेस ना?” प्रयागबाई म्हणाल्या.

मायचा हात थांबला. जन्मभर तिने त्यांच्या शेतात कापूस वेचला होता आणि जन्मभर त्या तिला ‘बयने’ म्हणत आल्या होत्या.

“बाई म्हनलं म्हंजे काम मोठं दिसते,” माय म्हणाली. “बोला.”

काम मोठंच होतं. उत्तमरावच्या बायकोची, गयाबाईची, दोन मुलं जन्मल्यावर आठवड्याच्या आत गेली होती. तिसरा मुलगा आता झाला होता. त्याला सटवीने नेऊ नये म्हणून प्रयागबाईंना कोणीतरी जुना उपाय सांगितला होता. ज्या घरची लेकरं जगतात, पण ज्या घराला गाव हलकं समजतं, अशा घरून जुनं फडकं मागून आणायचं आणि बाळाचे लंगोट त्याचेच करायचे. घरचं कापड बाळाच्या कमरेला लावायचं नाही. सटवी येते, लंगोट पाहते, हे कोणा गरिबाचं पोर, याला काय न्यायचं, म्हणते आणि परत जाते.

प्रयागबाईंनी ‘हलकं’ हा शब्द वापरला नाही. “तुमच्यासारखं घर,” असं म्हणाल्या. मायची आम्ही पाचही भावंडं जगलो होतो, हेही त्यांनी हिशेबात धरलं होतं.

“आन इकत आनलं असं कवा म्हनाचं नाही,” त्या पुढे म्हणाल्या. “मागून आनलं असंच म्हनाचं. इकत म्हनलं का उपाव तुटला. मंग लेकरू हाती लागत नाही.”

मी आत खुर्चीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. माझ्या मनात एक पूर्ण भाषण तयार झालं. बाई, तुमची पहिली दोन नातवंडं सटवीने नेली नाहीत, नाळ कापणाऱ्या गंजक्या विळ्याने नेली. हा तिसरा आदिलाबादच्या दवाखान्यात झाला म्हणून नीट आहे. आम्ही असली थोतांडं सोडली म्हणून तर माणसात आलो. आता तुमच्यासाठी ती पुन्हा करायची का? भाषण चांगलं होतं. अजूनही मला ते पाठ आहे. त्या वेळी मी पान उलटलं.

“कोनतं फडकं पायजे?” मायने विचारलं.

“गुरुजीचं एखांदं जुनं धोतर दे. पांढरं मऊ असते लेकराले.”

“धोतर पाहतो. आधी चहा घ्या.” मायने आत हाक मारली. “पंचफुले, प्रयागबाईले चहा आन वं.”

माझ्या बायकोने चहा आणला. कपबशी नवी होती, मी आदिलाबादहून आणलेली. प्रयागबाईंनी कपबशीकडे असं पाहिलं, जणू बशीत विंचू आहे.

“आज उपास हाय माहा.”

“चहा तं चालते उपासाले.”

“दुधाचा नाही चालत.”

“पंचफुले, बिनदुधाचा आन.”

“राहू दे वं, राहू दे. मले उशीर होऊन राह्यला.”

माय शेंगा सोलत राहिली. मग वर न पाहता म्हणाली, “आमच्या घरचं फडकं तुमच्या नातवाच्या ढुंगनाले चालते, आन आमच्या घरचा चहा तुमच्या तोंडाले चालत नाही. तोंड जास्त सोवळं हाय का?”

प्रयागबाई उलट बोलल्या असत्या तर फडकं गेलं असतं. तोंडातला अपमान त्यांनी गिळला. चहा गिळणं त्यापेक्षा सोपं होतं, पण माणसाला काय गिळायची सवय असते त्यावर आहे.

“उद्या या,” माय म्हणाली. “शिवून ठेवतो.”

त्या गेल्यावर मी बाहेर आलो. “माय, द्यायचं काही कारण नाही,” मी म्हणालो. “आपण हे मानत नाही.”

“मी कुठं मानतो?”

“मग?”

“त्या मानतात ना.” माय हसली. तिचं ते हसू मला आवडलं नाही. आणि आवडलं नाही याचंही वाईट वाटलं, कारण मला स्वतःला तसं हसता येत नव्हतं.

तिने माझं धोतर घेतलंच नाही. तिने पेटीतून आपलं हिरवं लुगडं काढलं. हे लुगडं गावात ज्याला माहीत नाही असा माणूस नव्हता. कापूस वेचून साठवलेल्या पैशांतून तिने ते बेल्याच्या बाजारातून घेतलं होतं, लाल-पिवळ्या किनारीचं. लग्नाला, बाजाराला, मत द्यायला ती तेच नेसून जाई. गावात दोन बयना होत्या, म्हणून माझ्या मायला ‘हिरवी बयना’च म्हणत. आता ते धुवून धुवून इतकं मऊ झालं होतं की बोटांना लागतही नसे. पण रंग हटला नव्हता.

तिने ते टर्रकन फाडलं. तिकोनी तुकडे केले, कडा दुमडून टाके घातले, तीन टोकांना नाड्या लावल्या. आणि प्रत्येक लंगोटावर किनारीचा एक पट्टा येईल असं बघून कापलं. एकही लंगोट बिनकिनारीचा राहू दिला नाही.

“किनार टोचेल बाळाला,” मी म्हणालो.

“बाहेरच्या अंगानं ठेवली हाय. मी पाच पोरं वाढवली, गुरुजी.” रागात असली की तीही मला गुरुजी म्हणे.

दुसऱ्या दिवशी प्रयागबाई टोपली घेऊन आल्या. लंगोट पाहून त्यांचा चेहरा उतरला.

“धोतर नव्हतं काय वं?”

“हेच जुनं हाय. नेता का ठेवू?”

त्यांनी टोपली पुढे केली, मायने वरून लंगोट टाकले. पूर्वी मायच्या पदरात त्यांच्या घरचं उष्टं असंच वरून पडायचं. माय हे मुद्दाम करत होती की आपसूक झालं, हे मी कधी विचारलं नाही. गल्लीच्या टोकाला प्रयागबाई थांबल्या, इकडे तिकडे पाहिलं, आणि कमरेला खोचलेल्या लहान बाटलीतलं गोमूत्र टोपलीवर शिंपडलं. सटवीला फसवायला आमचं फडकं हवं आणि फडक्याला फसवायला गाईचं मूत हवं. अशा डोक्यांवर ही दुनिया चालते आणि दुकानंही.

त्यानंतर आठ-दहा दिवस हिरवा लंगोट कुठे दिसला नाही. तान्ह्या बाळाचं घर रस्त्यावरून जातानाच ओळखू येतं, दोरीवर लंगोटांची रांग असते. उत्तमरावच्या अंगणात दोरीवर त्याची धोतरं, प्रयागबाईंची लुगडी, गयाबाईची पोलकी, सगळं होतं. लंगोट नव्हते. बाळ मात्र होतं, कारण त्याचं रडणं शाळेपर्यंत ऐकू यायचं. मी पाढे म्हणून घ्यायचो आणि पाढ्यांच्या वरून ते रडणं यायचं. भुकेचं रडणं थांबतं. हे थांबत नव्हतं.

पौषातले दिवस होते. आमच्याकडे त्या दिवसांत पाणीसुद्धा दात लावतं. मी चहापत्ती घ्यायला दुकानात गेलो तेव्हा आतल्या पडद्याकडून आंबट, कुबट वास आला. पडदा थोडा सरकला होता. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत, शेगडीवर दोरी बांधून, धुरात, हिरवे लंगोट टांगले होते. त्यांच्यातून पाणी ठिबकत नव्हतं एवढंच. वाळलेला एकही नव्हता.

“गुरुजी,” आतून गयाबाईचा आवाज आला. सून सासूसमोर परक्या माणसाशी बोलली, तेव्हाच समजलं की गोष्ट हद्दीच्या पार गेली आहे. “तुमच्या मायले पुसा ना, लंगोट वाळूनच नाही राह्यले. ओलेच गुंडाळा लागते. लेकराच्या जांघा फुटल्या. हात लावू देत नाही.”

“तू चूप बस वं,” प्रयागबाई गल्ल्याजवळून म्हणाल्या. “थंडीचे दिस हायेत. ऊन कुठं हाय आता?”

बाहेर अंगणात सोयाबीन वाळत घालावं असं लख्ख ऊन पडलं होतं. त्यात उत्तमरावची धोतरं कडकडीत वाळून पापडासारखी झाली होती. मला प्रयागबाईंची किळस आली. ज्या नातवासाठी ही बाई चोरासारखी आमच्या दारात आली, त्याची कातडी सोलवटली तरी चालेल. पण लंगोटाचा रंग रस्त्यावरच्या माणसांना दिसता कामा नये. मला बरंच काही बोलायचं होतं.

“अंगणात आहे ऊन,” मी म्हणालो. “भरपूर आहे.”

एवढंच. पुडी घेऊन बाहेर पडलो आणि घरापर्यंत स्वतःवर चिडत आलो. एवढी पुस्तकं वाचून शेवटी हवामान सांगून आलो.

पण कधी कधी तेवढंही पुरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेकडे निघालो, माय टोपलीभर तुरीच्या शेंगा आदिलाबादला विकायला निघाली होती, ती माझ्यासोबत बसथांब्यापर्यंत आली. दुकानासमोर बाया आदिलाबादच्या बसची वाट पाहत उभ्या होत्या. आणि दुकानाच्या पुढच्याच खांबांना, अगदी रस्त्यावर, दोरी बांधलेली होती. तिच्यावर एका ओळीत हिरवे तिकोनी लंगोट, प्रत्येकावर लाल-पिवळी किनार. गयाबाई डोक्याला फडकं बांधून, बाळ खांद्यावर घेऊन शेवटचा लंगोट झटकत होती. बाळंतीण खोलीबाहेर आली, हाच एक चमत्कार. पण बाया तिच्याकडे पाहत नव्हत्या.

“अगं माय,” थांब्यावरची ताराबाई म्हणाली, “हे तं हिरव्या बयनाचं लुगडं!”

प्रयागबाई आतून धावत आल्या. “कायचं लुगडं? उगाच काहीबी बोलतं. इकतचं कापड हाय ते. बेल्याच्या बजारातून इकत आन...”

“आत्याबाई!”

गयाबाई इतक्या जोरात ओरडली की बाळ रडायचं थांबलं. “इकत म्हनू नका! तुमीच सांगतलं ना, इकत म्हनलं का उपाव तुटला? दोन गेले माहे. हा गेला तं मी तुमच्या तोंडाकडे पाहनार नाही. म्हना, मागून आनलं. आत्ताच्या आत्ता म्हना!”

प्रयागबाईंनी रस्त्याकडे पाहिलं. बाया, शाळेची पोरं, हातपंपाजवळचे गडी, सगळे थांबले होते. त्यांनी सुनेकडे पाहिलं. मग बाळाकडे. त्या बाईचं आपल्या नातवावर प्रेम होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, आणि त्याने माझा तिटकारा काही कमी झाला नाही. उलट वाटलं, एवढं प्रेम असताना माणूस असा राहू शकतो.

“मागून आनलं,” त्या म्हणाल्या.

“कोनाच्या घरून?” गयाबाई हटत नव्हती. “नाव घेतल्याबिगर लागू नाही होत.”

“बयनाच्या.”

मायने टोपली खाली ठेवली, दोरीपाशी गेली, एक लंगोट उलटा घातला होता तो काढून किनार बाहेर करून पुन्हा नीट टाकला, जणू तो तिच्याच दारात वाळत होता.

“जरा जोरानं सांगा, प्रयागबाई,” ती म्हणाली. “सटवीले कमी आयकू येते.”

कोणी हसलं नाही, कारण प्रयागबाईंनी खरंच पुन्हा सांगितलं. घसा फुटेपर्यंत, डोळे मिटून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं: “बयनाबाईच्या घरून मागून आनलं! बयनाबाईच्या घरचं हाय!”

एवढ्यात बस आली. तेलुगू कंडक्टरने दारातून डोकं काढून विचारलं, “एमैंदी? काय झालं? कशाची आरडाओरड?” ताराबाईने पायरी चढता चढता त्याला मोडक्यातोडक्या तेलुगूत सगळं सांगितलं. त्याने लंगोटांकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, आणि शिट्टी वाजवली.

माय टोपली डोक्यावर घेऊन बसमध्ये चढली. खिडकीतून तिने मला खूण केली की शाळेला उशीर होतो आहे, जा.