डावखुरीची जागा

"डावखुरी कोन हाये? तिकडं, धुऱ्याजवळ उभी राय!" बांधावरून दुधराम ओरडला.

धान रोवताना डावखुरीला ओळीच्या टोकालाच उभं करतात, नाहीतर शेजारणीच्या हाताला हात लागतो. मी टोकाला गेले. तिथं आधीच एक बाई वाकून डाव्या हातानं रोवत होती. दुधरामची बायको. माझी माय.

स्वातंत्र्याच्या वर्षी बापाच्या माराला कंटाळून ती पळाली आणि केशोरीत येऊन तिनं दुधरामशी पाट लावला. मी तेव्हा सहा वर्षांची. दहा वर्षांनी रोवणाऱ्या बायांसोबत मी मुद्दाम याच गावाला आले होते. आमच्या टोळीतल्या मंदाबाईनं वाटेतच बजावलं होतं, "तिनं तिकडं लेकरूच नाही म्हणून सांगतलं हाये. तू तोंड उघडशीन त तिचं घर मोडन."

मी कशाला तोंड उघडते? मला घर नको होतं, भात नको होता. तिनं आपणहून एकदा 'शामे' म्हणावं, बस.

तिनं आधी माझा हात पाहिला, मग चेहरा. तिच्या हातातली रोपांची पेंढी चिखलात पडली.

"बाप मारते का तुले?" तिनं हळूच विचारलं.

"मारते. याच हातावर."

तेवढ्यात दुधराम हसत म्हणाला, "अवो, तुयासारखीच डावखुरी! कोन होय वो ते पोरगी?"

"मले काय मालूम? आली असन रोवाले," माय म्हणाली.

अस्सा संताप आला म्हणून सांगू! उठले, ओळीच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि उजव्या हातानं रोवू लागले. बापाला इतकी वर्षं मारून जे जमलं नाही, ते मायनं एका वाक्यात केलं. रोपं काही रुतेनात, पाण्यावर तरंगू लागली. बाया फिदीफिदी हसल्या.

"काऊन वो, आजच शिकून राह्यली का?" मंदाबाई म्हणाली.

थोड्या वेळानं माय टोकाची जागा सोडून माझ्या समोर आली. मान वर न करता माझं एकेक रोप डाव्या अंगठ्यानं चिखलात दाबू लागली. रोवणारीला मागं मागं सरकावं लागतं. मी मागं सरकत होते, ती पुढं येत होती. दिवस मावळेपर्यंत मी थांबले नाही, आणि तिनं हाक मारली नाही.