बघायला आलेली

“हे जरा धरा. दहा मिनिटांत आलेच,” असं म्हणून त्या सिस्टरने औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या वहिनीच्या हातात ठेवल्या. वहिनी “अहो, पण…” म्हणेपर्यंत ती जिना उतरून गेलीसुद्धा.

वहिनी खांद्यावरची पर्सही न उतरवता वॉर्डाच्या मधोमध उभी राहिली. सकाळचे साडेनऊ वाजले होते. दोन्ही भिंतींना मिळून सव्वीस खाटा, त्यांतल्या एकोणीस भरलेल्या. ज्यांना मान वळवता येत होती ते सगळे तिच्याकडे बघत होते.

खरं म्हणजे तिचा या हॉस्पिटलशी काडीचाही संबंध नव्हता. इथली नोकरी घ्यावी की नाही हे ठरवायला, जागा नजरेखालून घालायला ती रजा टाकून आली होती. स्वतःच्या शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात ती पंधरा वर्षं नर्स होती. तिथल्या एका वॉर्डबॉयने कधीतरी तिला ‘वहिनी’ म्हणायला सुरुवात केली आणि मग मेट्रनपासून पेशंटपर्यंत सगळ्यांची ती वहिनीच झाली. पंधरा वर्षांनी तिच्या हातात महिन्याला एकवीस हजार पडत होते. थोडे आहेत हे तिला कळत होतं, पण किती थोडे हे महिन्यापूर्वीपर्यंत कळलं नव्हतं.

ते कळलं नवऱ्यामुळे. तो घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचायचा. दिवसभर लोकांचे आकडे वाचूनही त्याचं समाधान होत नसे. लेक आठवीत गेली, घराचं भाडं वाढलं, तेव्हा त्याने मनावर घेतलं. जाहिराती चाळल्या, वहिनीच्या जुन्या मैत्रिणींना फोन केले, आणि एका वहीच्या पुठ्ठ्यावर यादी केली. सहा प्रांत, तिथला नर्सचा पगार, घरभाडं, गाडीचे तास. सगळ्यांत वर डोंगराकडचा हा खाणींचा भाग होता. अठ्ठेचाळीस हजार, वर राहायला क्वार्टर फुकट.

वहिनीने चष्मा काढून पुसला, परत लावला. आकडा तोच.

“अहो, हे डॉक्टरचं असेल.”

“नर्सचंच आहे. मी दोनदा विचारलं.”

“म्हणजे तेच इंजेक्शन, तीच सलाईन, आणि तिकडे दुपटीहून जास्त?”

“तेच तर म्हणतोय मी.”

त्या दिवशी तिला घास गेला नाही. आनंद वगैरे दूरच, आधी बसला तो धक्का. पंधरा वर्षं आपल्याला कुणीतरी उघड्या डोळ्यांनी फसवत आलंय आणि आपण वर “नमस्कार मॅडम” म्हणत आलोय, असं काहीतरी वाटत राहिलं. मग अर्ज गेला, आठवड्यात होकार आला. “एकदा डोळ्यांनी बघून ये, मग सही कर,” नवरा म्हणाला. म्हणून ती सात तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत आली, ती थेट या किल्ल्या हातात पडायला.

दहाची वीस मिनिटं झाली. वहिनीने फरशी पुसणाऱ्या मावशींना विचारलं, “मावशी, त्या सिस्टर कुठे गेल्या हो?”

मावशींनी बादलीत फडकं पिळलं, परत पिळलं.

“मावशी, मी तुम्हाला विचारतेय.”

“येतील की. पाच वाजता परतीची गाडी येते.”

“परतीची? कुठून?”

“तालुक्याहून.”

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. “पाच? अहो, मी कोण, कुठली! मी इथे नोकरीलासुद्धा नाही. एकोणीस पेशंट माझ्यावर टाकून ही बाई गाडीत बसली?”

“माझ्यावर नका ओरडू,” मावशी म्हणाल्या. “मला पण ती जिन्यात बोलली तेव्हाच कळलं.”

वहिनीने तडक जिन्याची वाट धरली. खाली ऑफिसात जायचं, किल्ल्या टेबलावर आपटायच्या आणि पहिली गाडी पकडायची. तिसऱ्या पायरीवर असताना मागून एका माणसाची हाक आली, “सिस्टर, हे लाल लाल वर चढतंय, चालेल ना?”

ती वळली. सात नंबरची सलाईन संपून नळीत रक्त चढत होतं.

चालेल म्हणून कसं सांगणार? ती धावत गेली, नळी बंद केली, कपाट उघडलं, नवी बाटली लावली. ती लावेपर्यंत अकरा नंबरला ओकारी झाली. अकराचं आवरेपर्यंत तीन नंबरची गोळी राहिल्याचं तिच्या लक्षात आलं. पर्स कधी खुर्चीवर ठेवली, हात कधी धुतले, पदर कधी खोचला, तिचं तिलाच कळलं नाही.

साडेदहाला डॉक्टर आले. आता सोक्षमोक्ष लागेल म्हणून वहिनी सरसावली. पण डॉक्टरांनी मान वर केलीच नाही.

“सिस्टर, चारचा ताप?”

“शंभर पॉइंट दोन. पण सर…”

“सकाळचा डोस?”

“दिला. सर, मला एक सांगायचंय…”

“शेवटी सांगा. सतरा नंबर काय म्हणते?”

एकोणीसच्या एकोणीस खाटा अशाच झाल्या. डॉक्टर कागदांकडे बघून विचारत होते आणि ती उत्तरं देत होती. या बाईचं तोंड रोजच्याहून वेगळं आहे, आवाज वेगळा आहे, अंगावर गणवेशसुद्धा नाही, हे त्या माणसाला दिसलं नाही. शेवटच्या खाटेपाशी पेन खिशाला लावताना त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“तुम्ही नवीन का?”

“नाही. मी नोकरी बघायला आलेय.”

“असं होय,” डॉक्टर म्हणाले. “बघा, बघा.” आणि दुसऱ्या हॉस्पिटलला जायचं म्हणून गेले.

वहिनी स्टुलावर बसली. हसावं की रडावं हे तिला ठरवता येईना. समोरच्या भिंतीवर महिन्याचा ड्यूटीचा तक्ता होता. नंतर कोण येणार, निदान त्या दुसऱ्या नर्सला तरी बोलावून घ्यावं म्हणून ती उठून तक्त्याजवळ गेली. सकाळच्या रकान्यात एक नाव होतं. दुपारच्या रकान्यात तेच. रात्रीच्या रकान्यातही तेच. तिने बोट ठेवून एक तारखेपासून खाली यायला सुरुवात केली. दोन, तीन, चार… मागचा महिना त्याच खिळ्याला खाली टांगलेला होता. तो उलटला, त्याच्या मागचा उलटला. नाव तेच.

“मावशी,” तिचा आवाज आपोआप खाली आला, “या झोपतात कधी?”

मावशींनी कोपऱ्यातल्या सव्विसाव्या खाटेकडे बोट दाखवलं. ती खाट रिकामी नव्हती, हे वहिनीला आत्ता दिसलं. उशी होती, घडी केलेली चादर होती, उशाशी कंगवा होता.

“तीन ड्यूट्यांना तिघी हव्यात ना? बाकीच्या दोघी?”

“पहिली दोन वर्षांपूर्वी गेली सोडून. दुसरी मागच्या उन्हाळ्यात. तेव्हापासून लोक येतात बघायला. क्वार्टर बघतात, पाणी येतं का विचारतात, जातात.”

दुपारी सतरा नंबरच्या म्हातारीला धाप लागली. ओठ निळसर दिसू लागले, नजर छताला लागली. ऑक्सिजनची टाकी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होती. वहिनी आणि मावशींनी ती घरंगळत आणली. वहिनीने म्हातारीला पाठीशी उश्या देऊन बसवलं, मास्क लावला, डॉक्टरांना फोन लावून विचारलं, सांगितलं ते इंजेक्शन दिलं. मग खाटेच्या कडेवर बसून तिचा हात धरला. “आजी, माझ्याकडे बघा. हळू. नाकाने घ्या. घाई कुणाला आहे?” वीस मिनिटांनी म्हातारीच्या ओठांवर रंग आला. वहिनीने मास्कची पट्टी सारखी केली. आपण इथे नसतो तर, असा विचार तिच्या मनात येतोय तोवर त्याच्या मागून दुसरा आला: रोज दुपारी इथे ती सिस्टर एकटीच असते ना.

सव्वापाचला सिस्टर आली. डावा गाल टम्म सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. आल्याआल्या तिने वॉर्डावर नजर फिरवली, ओठ हलवत खाटा मोजल्या, आणि मग वहिनीसमोर हात जोडले. पाय धरायला वाकली, तशी वहिनी मागे सरकली.

“हे काय चाललंय तुमचं?” दिवसभर घोकलेली सगळी बोलणी वहिनीच्या ओठांवर होती. “तुम्हाला काही…”

सिस्टरने पर्समधून कागदाची पुडी काढून उलगडली. आत किडलेली, तीन मुळांची दाढ होती.

“पाच महिने,” बोळ्यामुळे ती बोबडं बोलत होती. “पाच महिने दुखत होती. लवंग धरली, गोळ्या खाल्ल्या. वॉर्ड कुणावर टाकून जाऊ?”

मावशींनी कौतुकाने दाढ निरखून पाहिली. “बया! हत्तीची आहे का काय!”

सिस्टर हसायला गेली आणि कळवळली. वहिनीला राग आठवेना.

“मला विचारायचं तरी होतंत.”

“तुम्ही हो म्हणाला असता?”

वहिनीने नुसत्या किल्ल्या पुढे केल्या.

“मी पण म्हणाले नसते,” सिस्टर म्हणाली. “पण तुम्ही आत आल्या आल्या सातची सलाईन किती उरलीय ते बघितलंत. बाकीच्या आधी बाथरूम बघतात. म्हटलं, हिच्यावर टाकून जावं.”

वहिनीने तिला तिच्या खाटेवर बसवलं, बोळा बदलून दिला. मग जे विचारायला सात तास प्रवास करून आली होती ते विचारलं. “अठ्ठेचाळीस मिळतात हे खरं ना?”

“मिळतात की. एक रुपया कमी नाही.”

“मग?”

“मूळ पगार अठरा. बाकीचे जादा ड्यूटीचे. तिन्ही ड्यूट्या केल्या की होतात अठ्ठेचाळीस.”

अठरा. वहिनीच्या एकविसाहून तीन कमी. नवऱ्याने पुठ्ठ्यावर ज्या आकड्याभोवती दोनदा गोल काढला होता तो एका नर्सचा पगार नव्हताच. तीन माणसांचं काम एका अंगावर घेतल्यावर पडणारी रक्कम होती ती, आणि तीसुद्धा तीन माणसांना द्यावी लागली असती त्याहून कमी.

“दोघी झालो तर काम निम्मं निम्मं होईल,” सिस्टर म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, “तुमचा पगारही कमी होईल, माझाही. पण मला चालेल.”

तेवढ्यात हेडक्लार्क नेमणुकीचं पत्र घेऊन वर आला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. टेबलावरचं रजिस्टर त्याने सवयीने उघडलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. सकाळपासूनच्या प्रत्येक गोळीपुढे, प्रत्येक इंजेक्शनपुढे वहिनीने आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं, नोंदणी क्रमांकासकट.

“या सह्या कशाला केल्यात? तुम्ही रुजू कुठे झालाय? खोडा त्या. सिस्टर करतील त्यांच्या नावाने.”

“त्या इथे नव्हत्या.”

“तेच तर! कागदावर त्या इथेच होत्या. उद्या कुणी विचारलं तर त्यांची नोकरी जाईल, माझी मान अडकेल.”

“कुणी विचारलं तर बरंच होईल,” वहिनी म्हणाली. “विचारू दे एकदा कुणीतरी. औषधं मी दिलीत. सही माझीच राहील.”

“बाई, ऐका जरा…”

“राहू द्या हो,” खाटेवरून सिस्टर म्हणाली. गालावर हात धरून ती उठून उभी राहिली होती. “त्यांनी दिलीत औषधं. मी दाढ काढायला गेले होते. लिहा तसं.”

क्लार्कने दोघींकडे पाहिलं, रजिस्टर मिटलं. पत्राची घडी वहिनीपुढे सरकवली आणि तो खाली गेला.

वहिनीने पत्रावर सही केली नाही. फाडलंही नाही. “घरी बोलून कळवते,” एवढंच म्हणाली. सिस्टरने मान हलवली. हे वाक्य तिने याआधीही ऐकलं असणार. ती तोवर अकरा नंबरची चादर बदलायला लागलीसुद्धा होती.

सहाची गाडी भरलेली होती. वहिनीला पुढच्या बाजूला खिडकीजवळ जागा मिळाली. बसल्याबसल्या नवऱ्याचा फोन आला. “काय गं, कसं वाटलं? दिवसभर फोन उचलला नाहीस.” तिने सगळं सांगितलं. दाढ सांगितली, तक्ता सांगितला, अठरा सांगितले. “म्हणजे मी चुकीचंच वाचलं,” नवरा म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका पडला की तिलाच म्हणावं लागलं, “तुम्ही काय करणार? लिहिलं होतं तेच वाचलंत.”

फोन ठेवला तशी शेजारी डबा मांडीवर घेऊन बसलेली बाई म्हणाली, “सिस्टर, तुम्हीच ना आज वर? मी सतरा नंबरची सून. आत्ता जाता जाता भेटून आले. सासूबाई सांगत होत्या, तुम्ही हात धरून बसला होता म्हणून.”

“आता बऱ्या आहेत ना?”

“जेवल्या थोडं.” बाईने डबा हलवून दाखवला. “उद्या आहात ना तुम्ही?”

वहिनीने खिडकीबाहेर पाहिलं. वळणावरून हॉस्पिटलचा वरचा मजला अजून दिसत होता. दिवे लागले होते, आणि एक पांढरी आकृती एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, तिथून तिसऱ्या खिडकीवर सरकत चालली होती.

“उद्या त्या दुसऱ्या सिस्टर आहेत,” ती म्हणाली.

“त्या होय,” बाई म्हणाली. “त्या काय, असतातच.”