सातव्या वळणावरचे शब्द

थोरल्याच्या पोटात सकाळपासून दुखत होतं, आणि त्या दुखण्याला औषध नव्हतं. धाकट्या भावाने त्याच गाडीत, तसल्याच टायरांवर, त्याच्यापेक्षा तीन दशांश सेकंद कमी वेळात शर्यतीच्या रस्त्याची फेरी मारली होती. संघात पुढच्या हंगामासाठी ड्रायव्हरची जागा एकच. ती कोणाची, हे मालक चार वाजता येऊन सांगणार होते.

ज्याला स्टिअरिंग धरायला शिकवलं, त्यानेच तोंडचा घास पळवावा? गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात ती अशी.

मालकांचा एक नियम होता. एका ड्रायव्हरची फेरी दुसऱ्याने तपासायची. गाडीतल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ पाहायचा, यंत्राने टिपलेले वेगाचे नि ब्रेकचे आलेख पाहायचे आणि फेरी नियमात बसते म्हणून सही करायची. चारही चाकं रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या रेषेबाहेर गेली असली तर फेरी बाद. हा नियम थोरल्याला आजच्याइतका गोड कधी वाटला नव्हता.

पत्र्याच्या खोलीत आकडेवालीने दोघांचे आलेख एकावर एक चढवले. संघातले सगळे आकडे तीच सांभाळायची, म्हणून हे नाव. थोरल्याची रेघ निळी, धाकट्याची लाल.

"सहाव्या वळणापर्यंत तुम्हीच पुढे आहात," ती म्हणाली. "सातव्यावर तुमचा पाय अॅक्सिलरेटरवरून उठतो. त्याचा उठत नाही."

"माझा पाय उठत नाही."

"रेघ दिसतेय ना समोर."

"मग तुमच्या यंत्रात बिघाड असेल."

नाचता येईना अंगण वाकडं, असं ती मनात म्हणाली असावी. तोंडाने मात्र "चहा घेऊन येते" म्हणून बाहेर गेली.

थोरल्याने धाकट्याचा व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. शेवटच्या वळणावर गाडी रेषेला अगदी खेटून जात होती. बाहेर गेली की नाही ते काही केल्या कळेना. गेली असू दे, गेली असू दे, असा त्याचा जप चालला होता. सख्ख्या भावासाठी असलं मागायची लाजही त्याला वाटली नाही.

शेवटी त्याने कानाला हेडफोन लावून आवाज चालू केला. एरवी तो व्हिडिओ मुकाच पाहायचा, इंजिनाच्या किंचाळण्यात ऐकण्यासारखं असतं काय? पण रेषेपलीकडे खडबडीत पट्टी होती. चाकं तिच्यावर गेली असती तर खडखडाट झालाच असता.

शेवटच्या वळणावर खडखडाट नव्हताच. त्याआधी, सातव्या वळणावर, हेल्मेटमधल्या माइकने धाकट्याचं पुटपुटणं मात्र स्वच्छ पकडलं होतं.

"अजून नाही... अजून नाही... आता, गाढवा!"

थोरला हबकला. शब्द त्याचे होते. दहा वर्षांच्या भावाला छोट्या गाडीत बसवून, स्टिअरिंग नेमकं कधी वळवायचं ते सांगायला कुंपणापाशी उभा राहून तो हेच ओरडायचा, गाढवासकट.

दुसऱ्या कोणाचं मन विरघळलं असतं. थोरला आणखीच जळला. म्हणजे जागाही नेली आणि वर माझे शब्दही!

थोरल्याच्या फेरीचा, धाकट्याने भरलेला कागद टेबलावर उपडा पडला होता. आपल्या फेरीत याने काय खुसपट काढलंय ते बघू, म्हणून त्याने तो उचलला. खाली सही होती. शेरा होता: "फेरी नियमात आहे. सातव्या वळणावर दादा काय बोलतो ते त्यालाच ऐकवा. तेवढं बोलला नाही तर तो माझ्यापेक्षा जलद आहे."

त्याने स्वतःचा व्हिडिओ लावला. सहा वळणं नुसतं इंजिन. सातव्यावर दात आवळून बोललेला त्याचाच आवाज आला.

"तो इथे सोडत नाही. तो सोडत नाही."

आणि पडद्याच्या कोपऱ्यात, पायापाशी लावलेल्या कॅमेऱ्यात, त्याचा पाय उठला.

त्याने ते तीनदा ऐकलं. आता मात्र लाज वाटली. गाडीत तो एकटा होता आणि फेरी मारत होता धाकट्याची.

दार उघडून धाकटा आत डोकावला. "दादा, झाली का सही? मालक आलेत."

"तू आवाज लावून बघतोस?"

"नेहमीच. इंजिन आधी ऐक, मग बघ, असं तूच तर सांगितलं होतंस."

"मग हे सकाळीच का नाही सांगितलंस मला?"

"ऐकलं असतंस?"

थोरल्याने धाकट्याच्या फेरीचा कागद पुढे ओढला. पेन उचललं. सही करावीशी त्याला अजूनही वाटत नव्हती, पोटातली आग काही विझली नव्हती. पण फेरी स्वच्छ होती, आणि ते त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. त्याने सही केली आणि कागद भावाच्या हातात दिला.

"सातव्यावर 'आता' जरा उशिरा म्हणतोस," तो म्हणाला. "थोडं आधी म्हण. अजून एक दशांश निघेल, गाढवा."