तिसऱ्या पुस्तकाचं बारसं

रविवारी सकाळी अकरा वाजता अर्पिता खरातने जालन्यातल्या आपल्या घरून फेसबुकवर थेट बोलून दोन गोष्टी जाहीर केल्या. तिच्या अद्भुत कादंबऱ्यांच्या मालेचं नाव 'सात आडांचं राज्य' असेल, आणि तिसरं लिहिलेलं, अजून न छापलेलं पुस्तक आता पहिलं म्हणून येईल. त्यात राणीचं बारा वर्षांपर्यंतचं बालपण आहे, म्हणून तेच आधी वाचावं. त्याचं नाव तिने सांगितलं: 'तळाशी राहणारी मुलगी'.

सव्वाबाराला वडीगोद्रीहून आतेभाऊ भारतचा फोन आला.

"आईनं मोबाइलवर सगळं ऐकलं."

"काय म्हणाली?"

"काहीच न्हाई. तेच सांगून राह्यलो."

आधीच्या दोन्ही पुस्तकांची नावं भारतच्या आईने, केशरबाईंनी ठेवलेली होती. बारशाला बाळाच्या कानात नाव आत्याच सांगते. अर्पिताने पहिली कादंबरी संपवली तेव्हा गमतीने हस्तलिखित आत्याच्या मांडीवर दिलं. केशरबाईंनी गंमत केली नाही. सगळं अर्पिताकडून वाचून घेतलं, कागदांवर वाकून 'कुर्र' केलं आणि म्हणाल्या, 'उजेडाचा पहारा'. अर्पिताने रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटा घातला. दुसऱ्याचं नाव 'दगडांची सासुरवाडी'. वाचकांना ते पहिल्यापेक्षा जास्त आवडलं.

तिसरं पुस्तक मात्र वडीगोद्रीला गेलंच नव्हतं.

सोमवारी अर्पिताने ती शिकवते त्या शाळेतून रजा घेतली आणि अंबडमार्गे एसटीने सव्वाअकराला वडीगोद्रीला उतरली. पिशवीत हस्तलिखित होतं, दोनशे बारा पानं. भारतचं पाइपांचं दुकान हायवेलाच आहे, घर त्याच्या मागे. केशरबाई काळा चष्मा लावून पलंगावर बसल्या होत्या. महिन्यापूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

"आली का लेखिका? चहा ठेवला हाय सुनंनं. पी."

"आत्या, चिडलीस का?"

"मी कोण चिडणारी? अकराशे लोकांला सांगितलंस. त्यातली मी एक."

"पुण्याच्या प्रकाशकाला शुक्रवारपर्यंत नाव पाहिजे होतं. तुझं ऑपरेशन झालेलं. म्हटलं, त्रास नको."

"डोळ्याचं झाल्तं. कानाचं न्हाई."

भारत दारात उभा राहून हसला. केशरबाईंनी त्याला दुकानात पाठवलं.

"तिसरीला पहिली केली म्हणून वाईट वाटलं का?" अर्पिताने विचारलं.

"त्याचं काय वाटायचं? तुझा बाप माझ्या पाठचा. पण घरातल्या सगळ्या कागदांवर त्याचंच नाव आधी. मागं-पुढं चालतंय. पण नाव ठेवायला मला बोलावलं न्हाईस."

"मग आता ठेव. कव्हर पाच वाजता छापायला जाणार आहे. तोवर बदलता येतं."

"ऐकल्याबिगर ठेवत न्हाई. तुला म्हाईत हाय."

"थोडक्यात सांगते."

"बारा वर्षांची पोरगी थोडक्यात कशी सांगशील? वाच."

अर्पिताने बाहेर जाऊन संपादक प्रीतीला फोन केला. नाव कदाचित बदलेल, असं सांगितलं.

"मॅडम, काल जाहीर केलंत तुम्ही."

"हो."

"नवीन नाव काय?"

"ते अजून ठेवायचं आहे."

"पाचपर्यंत थांबते," प्रीती म्हणाली.

अकरा चाळीसला वाचन सुरू झालं. केशरबाई मधे मधे अडवत होत्या. आडाच्या तळाशी राहणारी मुलगी थंडीत काय पांघरते, हे लिहायचं राहिलं आहे, हे त्यांनी नवव्या पानावरच काढलं. अर्पिताने समासात टीप केली. दीड वाजता भाकरी खाल्ली, तेव्हाही पान हातात होतं.

पंचाहत्तराव्या पानावर एक बाई येते. ती रोज दोराला मडकं बांधून मुलीसाठी जेवण खाली सोडते. मुलीला वर बघितल्यावर फक्त तिचे हात दिसतात.

"ही बाई कोण?" केशरबाईंनी विचारलं.

"पुढे कळेल."

"उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग लिहिलास."

अर्पिताने मान वर केली नाही. आई गेल्यावर पाचवी ते आठवी अशी चार वर्षं ती याच घरात होती. केशरबाईंचं मनगट तिच्याचसाठी तापवलेल्या दुधाचं पातेलं उतरवताना भाजलं होतं.

"म्हणून आणलं न्हाईस व्हय इकडं?"

"तुला आवडलं नसतं तर."

"ऑपरेशनचं उगी सांगून राह्यलीस मंग."

"हो."

केशरबाईंनी चष्मा काढला, पदराने डोळ्याच्या कडा टिपल्या आणि परत लावला. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावायचा नाही, असं सांगितलं होतं. सून दारातून म्हणाली, "आत्याबाई, डोळा." "धूळ हाय," केशरबाई म्हणाल्या. मग अर्पिताकडे वळून, "ती बाई मरते का पुढं?"

"सांगणार नाही."

"बरं. पण घाई करून राह्यलीस. तिचं बोलणं सावकाश वाच."

अर्पिता सावकाश वाचू लागली. चार वाजता पान एकशे एकोणतीस. साडेचारला केशरबाईंनी एक नाव पुटपुटलं आणि लगेच म्हणाल्या, "ते न्हाई. ते त्या पोरीचं झालं, पुस्तकाचं न्हाई." अर्पिताने तेही समासात लिहून ठेवलं.

चार पन्नासला प्रीतीचा मेसेज आला: छापखाना सहापर्यंत थांबेल, त्यानंतर जाहीर केलेलं नावच जाईल. अर्पिताने तो मोठ्याने वाचून दाखवला.

"सहा म्हणजे किती पानं?"

"संपणार नाही, आत्या."

"वाच."

पाच वाजून दहा मिनिटांनी वाचन एकशे अठ्ठेचाळिसाव्या पानावर होतं, नाव अजून ठरलेलं नव्हतं आणि अर्पिता घड्याळाकडे न बघता वाचत होती. गोष्टीतली मडकं सोडणारी बाई त्या दिवशी आडावर आलेली नव्हती.