बोरन्हाणाच्या वेळेचा क्लास

सुशांतच्या आखातातल्या, अल सद्द भागातल्या फ्लॅटमध्ये आईला कुणी वाईट वागवलं, असं म्हणायची सोय नव्हती. सगळं अतिशय प्रेमानं होत असे. चारुलताबाईंना गुडघ्यासाठी गरम पाण्याची पिशवी होती, वेगळी खोली होती, आणि दर शुक्रवारी ऑनलाइन क्लासही होता.

क्लास सुशांतनंच ऑफिसातल्या ओळखीतून जुळवून दिला होता. चारुलताबाईंनी पुण्यात नवऱ्याबरोबर उभा जन्म पुस्तकं छापली. आता त्या रवांडातल्या तरुण मुलींना, आपलं पुस्तक आपणच कसं काढायचं, ते शिकवत. तिथे एका पिढीपूर्वी शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांची कत्तल केली होती. घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं मुली लिहून काढत होत्या. सुशांतला याचा फार अभिमान. पाहुण्यांना चहाआधी तो हेच सांगे.

त्या शुक्रवारी त्याच्या लेकीचं, ईराचं, पहिलं बोरन्हाण होतं, जोडीला हळदीकुंकू. हलव्याचे दागिने चारुलताबाईंनी घरी केले होते, मंद आचेवर तिळांवर थेंबथेंब पाक सोडत, बोटं भाजून घेत.

सकाळी सून म्हणाली, "आई, पाचला बायका येतील. तुमचा क्लासही पाचलाच. किती छान जमलं ना!"

"अनुजा, क्लास सातला असतो."

"सुशांतनं आजच्यापुरता पाचला करून घेतलाय. तुम्हाला उगाच अवघडल्यासारखं नको. शैलजाकाकू जुन्या वळणाच्या आहेत हो. मला स्वतःला तसलं काही नाही हं."

नवरा गेल्यापासून चारुलताबाईंना असा एकही माणूस भेटला नव्हता, की ज्याला स्वतःला तसलं काही होतं. सगळे दुसऱ्या कुणासाठी तरी पाळत होते.

पाचला त्या खोलीत बसल्या. दार अनुजानंच हळूच लोटून घेतलं. पडद्यावर उवासे नावाची मुलगी तावातावानं विचारत होती, "टीचर, काका म्हणतात, आजीचं प्रकरण काढून टाक. त्यांची परवानगी लागते का?"

"नाही. पुस्तक तुझं, पैसा तुझा, मुखपृष्ठावर नाव तुझं. स्वतः प्रकाशित करायचं म्हणजे परवानगी देणारा माणूस घरी बसवायचा."

तेवढ्यात बाहेर हशा उसळला.

"तुमच्याकडे सण आहे?"

"नातीचा."

"मग तुम्ही इथे कशा?"

चारुलताबाईंनी जन्मभर लोकांच्या मजकुरातली गुळमुळीत वाक्यं खोडली होती. आज स्वतःला हवं तर एकही सुचेना. "माझा नवरा वारलाय. आमच्याकडे अशी बाई बाळाला ओवाळत नाही."

उवासे चिडली नाही. ती विचारात पडली. "आजीच्या गावात तर सगळ्याच तशा होत्या. मग सणाला कुणीच उरलं नसतं." आणि थांबून, "टीचर, तुम्ही कुणाची परवानगी मागितलीत?"

चारुलताबाई उठल्या. "आलेच, मुलींनो."

हॉलमध्ये ईरा पाटावर बसली होती, हलव्याचा मुकुट एका कानावर कलंडलेला. त्या आल्या तशी कुजबुज थांबली.

"अगंबाई, चारुलताताई! आज क्लास नाही वाटतं?" शैलजाकाकू म्हणाल्या.

"आहे ना." त्या खाली बसल्या, बोरं-मुरमुऱ्यांची ओंजळ भरली आणि ईराच्या डोक्यावरून रिती केली. ईरा खदखदून हसली. बाकी कुणी हसलं नाही.

"शिकलेल्या तुम्ही! बाळाचा तरी विचार करायचात."

"तिचाच केला."

"चला बायांनो, यल्ला, उशीर झाला," काकू म्हणाल्या. तेव्हा साडेपाचही झाले नव्हते. पाहता पाहता हॉल रिकामा झाला. वाण न्यायला मात्र कुणी विसरलं नाही.

अनुजा रडत ईराला घेऊन आत गेली. खाली गाड्या लावून देत असलेला सुशांत वर आला.

"आई, थोडा वेळ आत थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? एवढा क्लास लावून दिला तुला!"

"मुली खोळंबल्यात माझ्या. एवढंच सांग सुशांत, मी आधी गेले असते, तर आज बाबांना कुठला क्लास लावला असतास?"

खोलीत जाताना त्यांनी दार उघडंच ठेवलं.

सुशांत पसरलेल्या मुरमुऱ्यांमध्ये उभा राहिला. मग काहीतरी करायला हवं म्हणून तो झाडू शोधू लागला. आपल्या घरात तो कुठे ठेवतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.